एडिटरची शिफ्ट आणि तिचा भाव

मुंबईत स्वतंत्रपणे काम करणाऱ्या व्हिडिओ एडिटरचा मोबदला एकाच मापाने मोजला जात नाही. मालिकेचे काम बहुधा एपिसोडवर ठरते, जाहिरातीचे अख्ख्या कामावर, लग्नाच्या व्हिडिओचे समारंभावर, तर यूट्यूब चॅनेलचे दरमहा ठरावीक रकमेवर. अंधेरी-गोरेगाव भागातल्या स्टुडिओंत रुळलेले माप मात्र शिफ्टचे.

स्टुडिओतल्या शिफ्टमध्ये संगणक स्टुडिओचा असतो. काम घरी आले की तो खर्च एडिटरवर येतो. सेकंदाला 100 मेगाबिट वेगाने चित्रित केलेले एक तासाचे 4के फुटेज सुमारे 45 गिगाबाइट जागा घेते. दहा तासांचे झाले 450, आणि सुरक्षिततेसाठी दुसरी प्रत ठेवली की 900. हार्ड डिस्क, सॉफ्टवेअरची वर्गणी आणि वीज यांचे पैसे घरच्या दरातूनच निघावे लागतात.

दुसरा खर्च रिकाम्या दिवसांचा. समजा, घरभाड्यासह महिन्याची गरज 60,000 रुपये आहे. महिन्यात 15 शिफ्ट मिळाल्या तर शिफ्टमागे 4,000 पुरतात. दहाच मिळाल्या तर 6,000 लागतात. नोकरदाराच्या पगारात सुट्ट्या आणि आजारपण धरलेले असते, इथे ते दरातच धरावे लागते.

तिसरा खर्च करेक्शनचा. तीन दिवसांचे काम 12,000 रुपयांना घेतले आणि दुरुस्त्यांत आणखी दोन दिवस गेले, तर दिवसाचे 4,000 उतरून 2,400 होतात. म्हणून रफ कटनंतर किती वेळा बदल करून मिळतील आणि त्यापुढच्या प्रत्येक फेरीचे किती पैसे, हे आधी लेखी ठरवण्याची पद्धत आहे.

बिलाची रक्कम आणि हाती येणारी रक्कम यांतही फरक असतो. व्यावसायिक सेवेच्या शुल्कातून कंपनी साधारणपणे 10 टक्के टीडीएस कापते. 80,000च्या बिलाचे 72,000 मिळतात. कापलेले 8,000 प्राप्तिकर विवरणपत्र भरताना वळते होतात. सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी करावी लागते.

उरतो प्रश्न थकलेल्या पैशांचा. एडिटरने लघुउद्योग म्हणून ‘उद्यम’ नोंदणी केली असेल, तर 2006चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा लागू होतो. लेखी मुदत ठरली असली तरी ती 45 दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. ठरलीच नसेल तर काम स्वीकारल्यापासून 15 दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावे लागते. पण दाद मागण्यात वेळ जातो. म्हणून बरेच एडिटर काम सुरू करतानाच काही रक्कम आगाऊ घेतात आणि शेवटचा हप्ता जमा होईपर्यंत वॉटरमार्क असलेलीच प्रत दाखवतात.