अष्टमुडीच्या शिंपल्या



केरळात कोल्लमजवळ अष्टमुडी सरोवर आहे. कोकणी माणूस ज्यांना तिसऱ्या म्हणतो, तशाच शिंपल्या तेथील मच्छीमार पाण्यात बुडी मारून काढतात. १९८१ पासून व्हिएतनाम, थायलंड, मलेशियाची मागणी वाढत गेली आणि उपसा बेसुमार झाला. १९९१ मध्ये १०,००० टनांवर गेलेले उत्पादन १९९३ मध्ये निम्म्यावर आले.

तेव्हा गावच्या सहकारी संस्था आणि केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था यांच्या साहाय्याने मच्छीमारांनी स्वतःलाच बंधन घालून घेतले. डिसेंबर ते फेब्रुवारी हा प्रजननकाळ. त्यात शिंपली काढायची नाही. जाळ्याची भोके मोठी ठेवायची, लहान शिंपली निर्यातीस द्यायची नाही. नारळी पौर्णिमेपूर्वी होडी समुद्रात न लोटणाऱ्या कोळी समाजाला या संयमाचे मोल सांगावे लागत नाही. हातावर पोट असलेल्या घराने तीन महिन्यांची मिळकत सोडणे म्हणजे काय, हे परिसंवाद भरविणाऱ्यांना मात्र सहजी उमगणार नाही. साठा सावरला. २०१४ मध्ये मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचे प्रमाणपत्र भारतात प्रथम मिळाले ते यांनाच.

परंतु सरोवराचे पाणी त्यांच्या हाती नव्हते. प्रदूषण वाढले, दक्षिण अमेरिकेतील परक्या शिंपल्यांनी पाय पसरले, उत्पादन सुमारे १,००० टनांपर्यंत घसरले. जानेवारी २०२४ मध्ये संशोधन संस्थेने विळिंजम येथे वाढविलेली ३० लाख पिल्ले सरोवरात सोडली. ती मोठी होईतो होड्या आवरून धरण्याचे काम पुन्हा त्याच कुटुंबांकडे आले. सरोवरात उतरणारी घाण रोखणे हे काही होडीतून होणारे काम नव्हे. ते काठावरच्या वस्तीचे आहे.