दोघेही १२२ ला वितळतात, मग वेगळे कसे करायचे?

आजचा भाग खास बी.एस्सी.ला केमिस्ट्री असणाऱ्यांसाठी आहे, पण बाकीच्यांनी पळून जाऊ नका. खायचा सोडा आणि लिंबू माहीत असेल तर आज जे बोलणार आहे त्यातलं निम्मं तुम्हाला आधीच माहीत आहे.

मी टीवायच्या मुलांची ऑरगॅनिकची प्रॅक्टिकल्स घेते. त्यात एक बायनरी मिक्श्चर असतं. छोट्याशा पुडीत दोन-तीन ग्रॅम पावडर. त्यात दोन पदार्थ आहेत, ते वेगळे करा, ओळखा, दोन्हींचं सॅम्पल जमा करा. मुलांची पहिली धडपड काय असते? गेल्या वर्षी कुठलं आलं होतं ते सिनियरला विचारायचं आणि पुस्तकातला मेल्टिंग पॉइंट आधीच पाठ करून यायचं. म्हणून मला एक जोडी फार आवडते: बेंझोइक अ‍ॅसिड आणि बीटा-नॅफ्थॉल. बेंझोइक अ‍ॅसिड साधारण १२२ अंश सेल्सिअसला वितळतं. बीटा-नॅफ्थॉल? तेही १२२ च्याच आसपास! दोन्ही पांढरे. नॅफ्थॉल जुनं असेल तर जरा गुलाबीसर-मळकट दिसतं, एवढाच काय तो फरक. इथे पाठांतर कामाचं नाही.

आता वेगळं कसं करायचं? शाळेत आपण मीठ आणि वाळू वेगळी केली होती. पाणी घाला, मीठ विरघळतं, वाळू गाळून घ्या. इथे ते चालत नाही. २५ अंशाला एक लिटर पाण्यात बेंझोइक अ‍ॅसिड विरघळतं जेमतेम ३.४ ग्रॅम, आणि नॅफ्थॉल तर एक ग्रॅमही नाही. अल्कोहोल घातलं तर दोघेही विरघळून मोकळे. म्हणजे एक तर दोघेही आत, नाही तर दोघेही बाहेर.

खरी गंमत इथे आहे. विद्राव्यता म्हणजे पदार्थाच्या कपाळावर कायमचा लिहिलेला आकडा, असं आपण धरून चालतो. पण पदार्थालाच थोडा वेळ वेगळं रूप दिलं तर? बेंझोइक अ‍ॅसिडचं सोडियम बेंझोएट केलं की तेच १०० मिली पाण्यात ५० ग्रॅमच्या वर विरघळतं. काम झालं की त्याला पुन्हा अ‍ॅसिड करायचं.

आता हे रूप फक्त एकालाच द्यायचंय. दोन्ही आम्लधर्मीच आहेत, पण ताकद वेगळी. बेंझोइकचा पीकेए ४.२, नॅफ्थॉलचा ९.५. आकडा लहान तेवढं अ‍ॅसिड जोरदार, हे लक्षात असेलच. आणि या दोघांच्या मधोमध कोण बसलंय? कार्बोनिक अ‍ॅसिड, ६.४ च्या आसपास. म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, आपला खायचा सोडा हो, बेंझोइककडून हायड्रोजन घेऊ शकतो, नॅफ्थॉलकडून नाही. लिंबू सोड्यावर फसफसतं ना, अगदी तसंच.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी सोडियम हायड्रॉक्साइड ओतलं तर दोघेही विरघळतात आणि सगळं मुसळ केरात. सौम्य बेस आधी, जोरदार नंतर. प्रॅक्टिकलच्या वहीत हा क्रम नुसता छापलेला असतो, तो तसाच का, हे फारसं कुणी विचारत नाही. तोंडी परीक्षेत मी नेमकं तेच विचारते.

बरं, प्रत्यक्ष करताना. समजा पुडीत एक-एक ग्रॅम आहे. बायकार्बोनेटचं साधारण दहा टक्क्यांचं द्रावण घ्या, पण भसकन ओतू नका. एक ग्रॅम बेंझोइक अ‍ॅसिडमधून जवळजवळ २०० मिली कार्बन डायऑक्साइड निघतो! ५० मिलीच्या बीकरमध्ये तो फेस मावेल का? थोडं थोडं घाला, ग्लास रॉडने ढवळा, गुठळ्या फोडा, फसफस पूर्ण थांबेपर्यंत. हिशेबाने दहा मिली पुरतं, प्रत्यक्षात पंधरा-वीस घ्या. शंभर नको. का नको, ते सांगतेच.

गाळा. कागदावर राहिला नॅफ्थॉल. त्याच्यावर पुन्हा चमचाभर बायकार्बोनेट घालून बघा, बुडबुडे आले तर बेंझोइक अजून आत लपलंय. खाली आलेलं फिल्ट्रेट बर्फात ठेवा आणि थेंब थेंब कॉन्सन्ट्रेटेड हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड सोडा. आधी उरलेल्या सोड्याचा फेस येतो, मग एकदम पांढरं धुकं, मग बीकरभर पांढरा चोथा. हा क्षण मला अजूनही आवडतो. पण लगेच थांबू नका. लिटमस स्पष्ट लाल व्हायला हवा, पीएच पेपरवर २ च्या जवळ. नाही तर काही बेंझोएट तसंच पाण्यात राहतं.

आता त्या शंभर मिलीचं. तो ३.४ ग्रॅम प्रति लिटरचा आकडा आठवा. शंभर मिली पाणी म्हणजे ०.३४ ग्रॅम. तुमच्याकडे होतं मुळात एक ग्रॅम. द्रावण शंभर मिली केलंत तर तिसरा हिस्सा आतच अडकतो. वर हौसेने आणखी शंभर मिली पाण्याने प्रेसिपिटेट धुतलं तर अजून तेवढंच जाऊ शकतं. मुलं वैतागून विचारतात, "मॅडम, सगळं नीट केलं, मग माल गेला कुठे?" अरे, सिंकमध्ये गेला! बर्फाच्या पाण्यात विद्राव्यता जवळपास निम्मी होते, म्हणून धुवायचं थंडगार पाण्याने, तेही पाच-पाच मिलीने.

उलट गरम पाण्यात तीच विद्राव्यता कितीतरी पट वाढते, म्हणून बेंझोइक उकळत्या पाण्यातून रिक्रिस्टलाइझ करता येतं. नॅफ्थॉलसाठी पाणी घातलेलं अल्कोहोल घ्या. जाता जाता सांगते, मेरी क्युरीने रेडियम क्लोराइड आणि बेरियम क्लोराइड वेगळे केले तेही विद्राव्यतेतल्या फरकावरच. फक्त तिच्याकडे आपल्यासारखी फसफसणारी युक्ती नव्हती. पुन्हा पुन्हा क्रिस्टल करत १९०२ साली हाती आलं एक दशांश ग्रॅम. आपण एका दुपारी कुरकुर करतो.

आता शेवटचा पेच. दोन वॉच ग्लास, दोन वाळलेल्या पांढऱ्या पावडरी, दोन्ही १२२ ला वितळणार. बेंझोइक खरंच शुद्ध आहे कशावरून? प्रयोगशाळेतल्या बाटलीतलं थोडं बेंझोइक त्यात मिसळा, एकत्र घोटा आणि कॅपिलरीत भरा. तुमचं खरंच बेंझोइक असेल तर मेल्टिंग पॉइंट जागचा हलणार नाही. नॅफ्थॉल असेल तर मिश्रण १२२ च्या बरंच आधी मऊ पडायला लागतं आणि रेंगाळत वितळतं. याला मिक्स्ड मेल्टिंग पॉइंट म्हणतात. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, पण घाईत सगळ्यात आधी यालाच कात्री लागते. सॅम्पल ओलं असेल तरी आकडा खाली येतो, तेव्हा आधी नीट वाळवा.

आणि हो, नॅफ्थॉल हाताळताना हातमोजे घाला, त्वचेला चुरचुरतं. उरलेलं टाकू मात्र नका. पुढच्या भागात अ‍ॅनिलीन आणि सोडियम नायट्राइट घेऊन त्याचाच लालभडक अ‍ॅझो डाय करणार आहोत. बर्फ भरपूर लागेल, आधीच सांगून ठेवते.