लपवून ठेवलेली वही
(वर्धापनदिनी विहारात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



साहित्याने माणूस माणसाला कसा कळतो, असा भारदस्त विषय मला दिलाय. मी काही साहित्यिक नव्हे. तेव्हा एकाच पुस्तकाविषयी बोलतो.

फलटणच्या बेबीताई कांबळे किरकोळ दुकान चालवायच्या. पुड्या बांधायला आणलेली रद्दी वाचता वाचता त्या लिहू लागल्या. घरात कुणाला दिसू नये म्हणून लिहिलेलं कित्येक वर्षं लपवून ठेवलं. त्याचंच १९८६ साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक झालं.

गेल्या वर्षावासात एका रविवारी आपण ते इथे वाचलं. सासुरवासाला कंटाळून पळालेल्या सुनेला धरून आणत. सुताराकडून जड लाकडाचा खोडा करून घेत आणि तिचा पाय त्यात अडकवीत. तो जखमी पाय ओढत तिनं कामं करायची. हे वाचलं तेव्हा एक ज्येष्ठ उपासक उठून म्हणाले, "आपलीच लक्तरं चव्हाट्यावर कशाला?" त्यांचा राग मला समजतो. पण बाबासाहेबांना मानणाऱ्या या बाईनं गावाचा जुलूम लिहिला आणि घरातलाही लिहिला. एकच लिहिला असता तर ते अर्धं खोटं झालं असतं.

तेवढ्यात मागे बसलेली माझी आई बोलली. ती आता पंच्याऐंशीची आहे. "माझ्या चुलतीच्या पायात व्हता. मी लहान व्हते. चोरून पाणी द्यायची तिला."

मी विचारलं, "कुणी घातला होता गं?"

"माझ्या आज्यानं."

त्या पणजोबांच्या भलेपणाच्या गोष्टी मी आईकडूनच ऐकल्या होत्या. ही गोष्ट मात्र तिनं आयुष्यभर पोटात ठेवली होती. चुलतीचं नावसुद्धा मला त्या दिवशी कळलं.

किसा गोतमीला तथागतांनी मोहरीसाठी घरोघर पाठवलं. मरण न पाहिलेलं घर तिला मिळालं नाही. पण दारोदार तिला दुसऱ्याचं दुःख ऐकावं लागलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

सभागृह गप्प झालं होतं. मी पुस्तक मिटायला लागलो, तर आई म्हणाली, "थांबलास का? वाच पुढं."

पुस्तक विहाराच्या कपाटात आहे. वहीत नाव लिहून घरी न्यावं. नमो बुद्धाय, जयभीम.