छत्री उघडल्यानंतर

विमानातून उडी मारणारी मराठी मुलगी म्हटलं की पुण्याच्या शीतल महाजन आठवतात. 18 एप्रिल 2004 रोजी त्यांनी उत्तर ध्रुवावर उडी घेतली, आणि ती त्यांच्या आयुष्यातली पहिलीच उडी होती. डिसेंबर 2006 मध्ये अंटार्क्टिका झालं, 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून त्यांनी उडी मारली. हे फोटो सगळ्यांनी पाहिले. पण त्या पहिल्या उडीच्या आणि नऊवारीतल्या उडीच्या मध्ये शेकडो साध्या उड्या आहेत. त्यांचे फोटो कोण छापणार?

अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेचे चार परवाने आहेत. ए, बी, सी आणि डी. ए परवान्याला किमान 25 उड्या लागतात, बी परवान्याला 50. सी साठी 200 आणि डी साठी 500. ए मिळाला की शिक्षक बरोबर नसतो. आपल्याकडचे हौशी लोक बहुधा परदेशी जाऊन हा परवाना घेतात. हातात सुट्टीचे मोजके दिवस, खिशात मोजके पैसे, आणि डोक्यात एकच आकडा: पन्नास. तिथंच मला काळजी वाटते.

बी साठी हवेत पडण्याचा एकूण वेळ 30 मिनिटं भरावा लागतो. तेरा हजार फुटांवरून उडी मारली तर पॅराशूट उघडेपर्यंत जवळजवळ एक मिनिट जातं. म्हणजे पन्नास उड्यांत तो आपोआप भरतो. त्याच नियमांत दुसरी एक अट आहे, तिच्याकडे नवखे कमी बघतात. दहा वेळा ठरलेल्या खुणेपासून 10 मीटरच्या आत उतरून दाखवायचं. म्हणजे मोठ्या खळ्याएवढी जागा.

जव्हार तालुक्यात वावर नावाचं गाव आहे. मराठीत वावर म्हणजे शेत, हे सांगायला नको. समजा, कुणाला तिकडच्या एखाद्या वावरात उतरायचं आहे. भात कापल्यावर खाचर वरून सतरंजीसारखं सपाट दिसतं. बांध दिसतात ते शेवटच्या काही क्षणांत. अशा वेळी माणूस घाबरून एका हाताची ब्रेकची दोरी खाली ओढतो. पॅराशूट वळतं खरं, पण वळताना नाक खाली घालून सूर मारतं. पुन्हा सरळ व्हायला त्याला उंची लागते, आणि ती उरलेली नसते. पॅराशूट व्यवस्थित उघडलेलं असूनही माणसं मरतात किंवा जायबंदी होतात, त्यातले कितीतरी अपघात या खालच्या वळणाचे.

म्हणून बी परवान्यासाठी पॅराशूट हाकण्याचे वेगळे धडे आहेत. ते वर, भरपूर उंची असतानाच गिरवायचे. दोन्ही ब्रेक अर्धे ओढून सूर न मारता वळायचं कसं, हा त्यातला माझ्या मते सर्वांत मोलाचा धडा. उतरण्याची वाट आधी आखायची: साधारण हजार फुटांवर वाऱ्याच्या दिशेनं, सहाशेवर आडवं, तीनशेवर वाऱ्याला तोंड करून. तीनशेच्या खाली वारा चुकीचा वाटला तरी मोठं वळण घ्यायचं नाही. पाय जुळवून, सरळ उतरून लोळण घ्यायची. कपडे मळतील, मळू द्यावेत.

जव्हारचंच उदाहरण पुढं नेतो. हे पठार समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर, म्हणजे जवळजवळ 1500 फूट उंच. विमान जुहूहून निघालं आणि मनगटावरचा उंचीमापक तिथं शून्यावर लावला, तर जव्हारवर तो 3000 दाखवेल तेव्हा खाली जमीन फक्त 1500 फुटांवर असेल. ए परवानाधारकानं पॅराशूट उघडण्याची किमान उंची 3000 फूट आहे, ती जमिनीपासून मोजलेली. उतरायच्या जागेची उंची वजा करून यंत्र लावणं हे साधं काम, पण ते विमानात बसण्याआधीच करायचं.

पॅराशूट किती मोठं असावं, याचा हिशेबही सोपा आहे. साठ किलोचा माणूस आणि बारा किलोचं सामान मिळून 72 किलो, म्हणजे सुमारे 159 पौंड. नवख्यानं दर चौरस फुटाला एका पौंडाहून जास्त भार घेऊ नये. तेव्हा त्याला 160 चौरस फुटांहून लहान पॅराशूट नको. लहान पॅराशूट दिसायला छान आणि बॅगेत हलकं असतं, विकणारेही भेटतात. घाई नको.

पाण्यात उतरण्याचं प्रशिक्षणही बी साठी सक्तीचं आहे. मोखाड्यात मध्य वैतरणेचा जलाशय आहे. वाऱ्यानं तशा पाण्यावर नेलं तर काय? पाण्यावर उंचीचा अंदाज साफ फसतो. पाय पाण्याला लागेपर्यंत पट्ट्यांतून बाहेर पडायचं नाही. पाय लागले की मात्र लगेच निघायचं, नाहीतर भिजलेलं कापड अन् दोऱ्या अंगावर येतात. हे सगळं सामान अंगावर चढवून खऱ्या पाण्यात करून बघावं लागतं.

आणि सुट्टी संपवून घरी आलेल्यांसाठी एक गोष्ट. ए परवान्यावर 60 दिवस उडी झाली नसेल, तर पुढची उडी शिक्षकाबरोबर, उजळणी म्हणून घ्यावी अशी शिफारस आहे. वर्षाकाठी पंधरा दिवस जाणाऱ्यानं पहिल्या दिवशीची उडी त्यासाठीच धरावी, आणि मग उरलेल्या उड्या मोजायला घ्याव्यात.