हात तयार झाला, हे ठरवायचे कोणी?

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मी कापडाचा व्यापारी, शिक्षण बी.कॉम.पर्यंतचे. शल्यचिकित्सेवर बोलण्याचा माझा अधिकार तो काय? तरीही हा विषय निवडण्यास एक घरगुती कारण घडले. माझी पुतणी शल्यचिकित्सेत एम.एस. करीत आहे. दिवाळीत ती घरी आली तेव्हा मी सहज विचारले, "बेटा, आतापर्यंत किती ऑपरेशने केलीस?" ती म्हणाली, "काका, आकडा सांगेन. पण मला किती येते, हे त्या आकड्यावरून कळणार नाही."

या उत्तराने मला विचारात पाडले. आपल्या शहरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1956 साली सुरू झाले. त्याचे रुग्णालय म्हणजे आपणा सर्वांची 'घाटी'. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून येणाऱ्या रुग्णाची तेथे प्रथम गाठ पडते ती बहुधा निवासी डॉक्टराशी. एम.एस.चा अभ्यासक्रम 3 वर्षांचा. एवढ्या काळात या तरुणाने टाका केव्हा घालावा, पोट केव्हा उघडावे आणि एकट्याने केव्हा उभे राहावे, हे कोणीतरी ठरवावेच लागते. निर्णय चुकला तर किंमत रुग्ण मोजतो.

यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याची एक नोंदवही असते, तिला लॉगबुक म्हणतात. शस्त्रक्रिया नुसती पाहिली, तीत साहाय्य केले, वरिष्ठांच्या देखरेखीखाली केली की स्वतंत्रपणे केली, अशा पायऱ्यांनी तीत नोंद होते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2023 च्या नियमांनुसार ही नोंद ठेवणे आणि शिक्षकांनी ती वेळोवेळी तपासणे आवश्यक आहे. जिल्हा रुग्णालयात 3 महिने काम करण्याची अटही 2020 साली आली. शेवटी लेखी परीक्षा, रुग्णतपासणी व तोंडी परीक्षा. लेखी आणि प्रात्यक्षिक या दोन्हींत स्वतंत्रपणे 50 टक्के गुण हवेत. परंतु मध्यरात्री अचानक रक्तस्राव सुरू झाला तर हात कसा चालतो, हे परीक्षेच्या दिवशी कसे दिसणार? ते रोज शेजारी उभ्या राहणाऱ्या गुरूलाच दिसते.

म्हणून लॉगबुकाचे मोल मोठे. पुतणीने मात्र एक खंत सांगितली. एके ठिकाणी कित्येक महिन्यांच्या नोंदींवर एकाच बैठकीत सह्या झालेल्या तिने पाहिल्या. मला आमच्या धंद्यातली गोष्ट आठवली. रोकडवही रोजच्या रोज लिहिली तर तिला अर्थ. ऑडिटच्या आदल्या रात्री वर्षाची रोकड लिहिली तर बेरीज जुळेल, पण विश्वास बसणार नाही.

इंग्लंडमध्ये ऑगस्ट 2021 पासून शल्यचिकित्सेच्या प्रशिक्षणात एक निराळी पद्धत आली. बाह्यरुग्ण विभाग, तातडीचे रुग्ण, वॉर्डातील देखभाल, शस्त्रक्रियेचा दिवस आणि अन्य तज्ज्ञांसह काम, या 5 बाबींवर एकाहून अधिक वरिष्ठ डॉक्टर मिळून मत देतात. 'याला अजून किती देखरेख लागते?' हा त्यांचा मुख्य प्रश्न. विद्यार्थीही स्वतःचे मूल्यमापन करतो.

हा प्रश्न मला फार पटला. दुकानात नवा मुलगा येतो तो आधी ताके उचलतो, मग मोजतो, मग साधे कापड फाडतो. भारी सूटिंगवर कात्री चालवू देण्यापूर्वी मी एवढेच पाहतो, की शंका आली असता तो हात थांबवून विचारतो का? फाडलेल्या कापडाचे नुकसान मी सोसू शकतो. शरीराचे तसे नाही. केव्हा थांबावे आणि वरिष्ठांना केव्हा बोलवावे, हे ज्याला कळले त्याचाच हात तयार झाला.

यात आपलाही वाटा आहे. माझ्या वडीलबंधूंच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेवेळी मी हट्ट धरला होता, की शिकाऊ डॉक्टरने हात लावता कामा नये. सर्जन शांतपणे म्हणाले, "मी शेजारी उभा असेन. मीही असाच कोणाच्या तरी शेजारी शिकलो." मी वरमलो. शिकू न देता तयार सर्जन मागणे हा सौदा न्यायाचा नाही. संमतिपत्रावर सही करताना 'शेजारी कोण उभे राहणार?' हे मात्र आपण अवश्य विचारावे. तो आपला हक्क आहे.

आणि आपल्या मुलामुलींना गुरूने 'अजून नाही' म्हटले तर तो अपमान समजू नये. पुतणीला एकदा पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत असेच थांबविले गेले. आम्ही घरातले सारे रागावलो. ती म्हणाली, "काका, त्या दिवशी मलाही वाईट वाटले. पण टेबलावर तुम्ही असता, तर तुम्हाला काय हवे असते?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.