सहाचे दोन

घोडबंदरची आमची पोरं रात्रभर जागून युरोपचा फुटबॉल बघतात आणि आपल्या आयएसएलला नावं ठेवतात. २०१८ मध्ये स्पेनच्या जिरोनाने कोचीत येऊन केरला ब्लास्टर्सला ५-० हरवलं, हा त्यांचा ठरलेला दाखला.

आम्ही दुसरा देतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये युरोप गाजवलेले खेळाडू घेतलेल्या सौदीच्या अल हिलालने रियाधला मुंबई सिटीला ६-० धुतलं. दोन आठवड्यांनी तोच संघ नेरुळला आला. दुखापतीमुळे नेमार काही आला नाही, त्याच्यासाठी तिकीट काढलेले हिरमुसले. निकाल ०-२. हरलो, पण सहाचे दोन झाले! बचत गटाचा हिशोबही आपण बँकेशी ताडत नाही, मागच्या वर्षीच्या वहीशी ताडतो.

मुंबई सिटीच्या पुढच्या सामन्याला गटातल्या मुलींना अंधेरीला न्यायचं ठरलंय.