एकच पक्ष, दोन उमेदवार
(डहाणू येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर मत म्हणजे चिन्ह, ही समजूत जुनी आहे. 1945 साली गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. तेव्हापासून येथील अनेक घरांत लाल बावटा ही आजोबांच्या सुटकेची खूण आहे. अशा निष्ठेपुढे उमेदवार कोण, हा प्रश्न गौण ठरतो. मग मताला किंमत कशाने येते? या संदर्भात टांझानियाचा अनुभव उद्बोधक आहे.

टांगानिका व झांजिबार यांच्या एकीकरणातून 1964 साली हे राष्ट्र जन्मले आणि पुढच्याच वर्षी ते एकपक्षीय झाले. टांगानिकातील 1960 च्या निवडणुकीत न्येरेरे यांच्या ‘टानू’ पक्षाने 71 पैकी 70 जागा जिंकल्या होत्या, त्यांतील बहुसंख्य बिनविरोध. जेथे लढतच नाही तेथे मतदार निवडणार काय, असा न्येरेरे यांचा सवाल होता. त्यांचा तोडगा असा : उमेदवार दोन, पक्ष एकच. पक्षाच्या जिल्हा अधिवेशनाने इच्छुकांवर मत द्यायचे, राष्ट्रीय कार्यकारिणीने त्यांतून दोघे ठरवायचे. निरक्षर मतदारासाठी एकाला कुदळ, दुसऱ्याला घर हे चिन्ह. वंश, जमात वा धर्म यांच्या नावाने मते मागण्यास मनाई. सप्टेंबर 1965 मध्ये मतदान झाले आणि खुद्द अर्थमंत्री पॉल बोमानी पडले. गुजराती वंशाचे अमीर जमाल मात्र निवडून आले. आपल्या किती बहुपक्षीय निवडणुकांना एवढे साधते, हे ज्याने त्याने मनाशी पाहावे.

तथापि राष्ट्राध्यक्षपदासाठी न्येरेरे एकटेच उभे होते आणि पक्षाचे धोरण वादाच्या कक्षेबाहेर होते. 1973 नंतर लक्षावधी शेतकऱ्यांना सक्तीने नव्या वसाहतींत हलविण्यात आले, तेव्हा त्यांना प्रतिनिधी बदलता येत होता, धोरण नव्हे. समाजवाद्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. कारण गावे हलविणारे आपल्याच परिभाषेत बोलत होते. बहुपक्षपद्धती तेथे 1992 मध्ये परतली.

डहाणूच्या मतदाराजवळ हा अधिकार आहे आणि तो त्याने वापरला आहे. तलासरी तालुका ज्यात मोडतो त्या या मतदारसंघाने 2009 मध्ये मार्क्सवादी आमदार दिला, 2014 मध्ये भाजपला कौल दिला, 2019 मध्ये मार्क्सवादी पक्षाच्या विनोद निकोले यांना निसटत्या मताधिक्याने आणले आणि 2024 मध्ये त्यांनाच कायम ठेवले. चिन्ह म्हणजे मत, हे गृहीतक तेथेच खोटे ठरले.

परंतु टानूच्या जिल्हा अधिवेशनाला जे होते, ते त्याला नाही. मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव असल्याने उमेदवार आदिवासी असतो. त्याला ठरविणारे आदिवासी असतीलच असे नाही. आपल्या पक्षासह बहुतेक पक्षांत नावे वरून येतात आणि पाड्यावर ती नुसती कळविली जातात. जिल्हा परिषदेच्या पुढील निवडणुकीपूर्वी निदान तलासरी व डहाणू तालुक्यांत तरी आपण प्रत्येक गटात सभासदांची सभा घ्यावी, दोन नावे गुप्त मतास टाकावीत आणि मोजणी सर्वांसमक्ष करावी. गटबाजी वाढेल, हा आक्षेप येईलच. गटबाजी आजही आहे. ती फक्त मुंबईच्या कार्यालयात बंद दाराआड चालते.